डिझेल नेमकं स्वस्त की महाग?

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना पहिल्या आठवड्यात जी नवलं दिसतात, त्यांत पेट्रोल पंपावरची पाटीही असते. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात मराठी बोलणं सहज कानावर पडतं. तिथे गाडी पंपावर थांबते. या राज्याच्या कायद्याप्रमाणे गॅसोलीन भरताना ग्राहकाने नळाला हात लावायचा नसतो, त्यामुळे पंपावरचा माणूसच येऊन टाकी भरतो. इथवर सगळं ओळखीचं. अनोळखी असते ती खांबावरची पाटी. गॅसोलीनचे, म्हणजे आपल्या पेट्रोलचे, प्रतींनुसार दोन-तीन भाव, प्रत्येक भावाच्या शेवटी बारीक आकड्यांत नऊ-दशांश सेंट, आणि त्याच पाटीवर डिझेल, साध्या गॅसोलीनपेक्षा चांगल्याच चढ्या भावाचं.

"डिझेल स्वस्त पडतं, म्हणून डिझेलची गाडी" हे वाक्य ज्यांनी आयुष्यभर ऐकलं, त्यांना ही पाटी उलटी टांगल्यासारखी वाटते. पण अमेरिकेत हे काही चार दिवसांचं नाही. २००४च्या सप्टेंबरपर्यंत तिथेही चित्र मिश्र होतं: उन्हाळ्यात डिझेल स्वस्त, थंडीत महाग. त्यानंतर थोडे अपवाद वगळता डिझेल कायम वरच राहिलं. जून २०२२ मध्ये दोन्ही इंधनांनी तिथले उच्चांक गाठले, तेव्हा गॅसोलीनची देशभरातली सरासरी गॅलनला ५ डॉलरच्या जरा वर थांबली आणि डिझेल ५ डॉलर ८१ सेंटपर्यंत चढलं.

मग खरं काय? डिझेल मुळात महाग आहे की स्वस्त? गाडी घेताना, परदेशात भाड्याने घेताना किंवा गावाकडे ट्रॅक्टरचा खर्च मांडताना या प्रश्नाचं उत्तर कामाला येतं. त्यासाठी पाटीवरच्या एका आकड्याचे तुकडे करून पाहावे लागतात.

लिटर सारखा, ताकद वेगळी

डेअरीवर दूध घालणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाईचं लिटर आणि म्हशीचं लिटर मापात सारखंच भरतं, पण भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. म्हशीच्या दुधाला जास्त पैसे मिळाले म्हणून कुणी डेअरीवाल्याशी भांडत नाही.

डिझेल हे इंधनातलं म्हशीचं दूध. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो भरतं, तर एक लिटर डिझेलचं ८२० ते ८४५ ग्रॅम. मापात मावणारा माल जास्त, त्यामुळे त्यातली ऊर्जाही जास्त. अमेरिकी गॅलनमागे पाहिलं तर डिझेलमध्ये गॅसोलीनपेक्षा सुमारे १३ टक्के अधिक ऊर्जा असते. त्यात डिझेल इंजिन हवा कितीतरी जास्त दाबून इंधन पेटवतं, त्यामुळे त्या ऊर्जेचा उपयोगही ते अधिक चांगला करून घेतं. याचा अर्थ असा, की दोन्ही इंधनांचा लिटरमागचा भाव अगदी समान असला तरी डिझेलवाल्याला त्याच पैशांत जास्त अंतर मिळतं.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्यावी: लिटरचा भाव लिटरच्या भावाशी ताडून पाहू नये. किलोमीटरचा खर्च किलोमीटरच्या खर्चाशी ताडावा.

एका उसातून साखर, मळी आणि बगॅस

साखर कारखान्यात ऊस एकच गाळला जातो, पण बाहेर साखर, मळी, बगॅस असे वेगवेगळे माल पडतात आणि प्रत्येकाचा बाजार वेगळा. मळीला भाव आला म्हणून टनाभर उसातून हवी तितकी मळी काढता येत नाही. थोडी ओढाताण करता येते, तीही खर्च करून.

तेलशुद्धीकरण कारखान्याचं तसंच. कच्चं तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडलं, की हलके घटक वर जातात आणि जड खाली राहतात. पेट्रोलचे घटक साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आत उकळतात, तर डिझेलचे त्यापुढे ३५० अंशांच्या आसपासपर्यंत. अधल्यामधल्या पट्ट्यात रॉकेल आणि विमानाचं इंधन. ४२ गॅलनच्या पिंपातून अमेरिकी कारखाने साधारण १९ ते २० गॅलन गॅसोलीन काढतात, आणि डिझेल व घरं तापवण्याचं तेल मिळून ११ ते १३ गॅलन. हे प्रमाण योगायोगाने आलेलं नाही. अमेरिकी माणूस गॅसोलीनची मोटार चालवतो, म्हणून तिथले कारखाने जड तेल फोडून त्याचं गॅसोलीन करण्याच्या हिशेबाने उभे राहिले. डिझेल जास्त काढायचं तर हायड्रोक्रॅकरसारखी वेगळी आणि महागडी यंत्रणा लागते.

युरोपात नेमकं उलट घडलं. तिथल्या बहुतेक सरकारांनी डिझेलवर कर कमी ठेवला, लोकांनी डिझेलच्या मोटारी घेतल्या आणि युरोपला डिझेल कमी पडू लागलं, तर पेट्रोल उरू लागलं. उरलेलं पेट्रोल अटलांटिकपलीकडे अमेरिकेला जायचं आणि डिझेल जगभरातून गोळा व्हायचं. त्या डिझेलचा मोठा हिस्सा रशियाकडून येत असे. युक्रेन युद्धानंतर युरोपीय संघाने ५ फेब्रुवारी २०२३ पासून रशियन डिझेलसह तेलपदार्थांची आयात बंद केली, आणि युरोपच्या खरेदीदारांनी इतरांच्या दारात रांग लावली. त्यात गुजरातमधल्या जामनगरच्या कारखान्याचंही दार होतं. म्हणजे जामनगरच्या डिझेलला युरोपात काय भाव मिळतो, याचा संबंध न्यू जर्सीतल्या पाटीशीही असतो आणि आपल्या पंपाशीही.

गंधकाचं बिल

डिझेलच्या धुराचा तो जुना उग्र वास आता बराच कमी झाला आहे. एसटी स्टँडवर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना फरक जाणवत असेल. त्याचं एक मोठं कारण म्हणजे डिझेलमधलं घटलेलं गंधक.

भारतात २००० साली लागू झालेल्या निकषांत दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक चालत असे. पुढे ते ५००, ३५०, ५० असं उतरत गेलं आणि १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले तेव्हा, फक्त १० वर आलं. अमेरिकेत ५०० वरून १५ वर येण्याची सुरुवात २००६ मध्ये झाली. एवढं गंधक काढायचं तर डिझेल प्रचंड दाबाखाली आणि भरपूर उष्णतेत हायड्रोजनबरोबर खेळवावं लागतं. हा हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतो. वायू महागला, की डिझेल साफ करण्याचा खर्च वाढतो. २०२२ मध्ये युरोपात वायूचे भाव भडकले, तेव्हा डिझेलला हाही चटका बसला.

त्यात जहाजांची भर पडली. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. जड, काळं, स्वस्त तेल जाळणाऱ्या जहाजांना स्वच्छ इंधन लागू लागलं, आणि ते बनवायला जो माल लागतो तो डिझेलच्याच पट्ट्यातला.

ज्याला थांबता येत नाही ते गिऱ्हाईक

पेट्रोल महागलं तर माणूस फिरणं थोडं कमी करतो, दोघे एका गाडीतून जातात. पण कांद्याचा ट्रक लासलगावहून निघायचाच असतो. अमेरिकेतल्या आयोवातला मका ऑक्टोबरमध्ये काढायचाच असतो. मालगाड्या, ट्रॅक्टर, बांधकामावरची यंत्रं, जनरेटर ही सगळी डिझेलची गिऱ्हाइकं. भाव वाढला म्हणून ती एका दिवसात मागं हटू शकत नाहीत.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत आणखी एक गिऱ्हाईक आहे: तळघरातली भट्टी. न्यू इंग्लंडमधल्या अनेक घरांत थंडीत ऊब देणारी ही भट्टी डिझेलच्याच सख्ख्या भावावर, घरं तापवण्याच्या तेलावर, चालते. म्हणून गॅसोलीनचा भाव उन्हाळ्यातल्या सहलींबरोबर चढतो आणि डिझेलचा सुगी व थंडीबरोबर. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतला डिझेलवर्गीय इंधनाचा साठा जेमतेम २५ दिवसांच्या वापराइतका उरला होता, २००८ नंतरचा सर्वांत कमी. याचा अर्थ २६व्या दिवशी पंप कोरडे पडणार होते असा नाही, कारण कारखाने रोज नवं डिझेल काढतच असतात. पण बाजाराची छाती धडधडायला एवढं पुरलं. त्या हंगामात डिझेल आणि गॅसोलीनमधली दरी गॅलनमागे दीड डॉलरवर गेली.

अमेरिकेत नवीनच स्थायिक झालेल्यांनी यातून एवढं ध्यानात ठेवावं: घर तेलावर तापणारं असेल, तर तेलाची टाकी पहिला बर्फ पडायची वाट पाहत रिकामी ठेवू नये. ऐन थंडीपेक्षा उन्हाळ्यात भाव विचारून ठेवण्यात शहाणपण असतं.

कर: इथेच पारडं फिरतं

अमेरिकेचं केंद्र सरकार गॅसोलीनवर गॅलनमागे १८.४ सेंट कर घेतं आणि डिझेलवर २४.४ सेंट. हे आकडे १९९३ पासून हललेले नाहीत. वरचे ६ सेंट १९८४ मध्ये आले. अवजड ट्रक रस्ते जास्त झिजवतात, त्यांच्याकडून वसुली कशी करायची हा वाद होता. वाहनावरचा वार्षिक कर कमी करून ती भरपाई डिझेलवर टाकण्यात आली. म्हणजे तिथे डिझेल हे ट्रकवाल्याचं इंधन आणि ट्रकवाला रस्ता झिजवतो, म्हणून त्याने जास्त द्यावं, असा विचार.

भारताचा विचार याच्या नेमका उलटा. डिझेल ट्रकवाल्याचं, एसटीचं, ट्रॅक्टरचं. ते महागलं तर भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळं महागेल, म्हणून त्यावर कर कमी. पेट्रोल हे मोटार आणि स्कूटरवाल्याचं, त्याच्याकडून जास्त.

याचा परिणाम किती मोठा, हे दिल्लीच्या भावाची फोड पाहिली की दिसतं. २०२४ च्या मध्याला तिथे पेट्रोल लिटरला ९४ रुपये ७२ पैसे होतं आणि डिझेल ८७ रुपये ६२ पैसे. पंपावर डिझेल सात रुपयांनी स्वस्त. आता कर आणि पंपचालकाचं कमिशन बाजूला काढलं, तर मागे उरणारी मूळ किंमत पेट्रोलची सुमारे ५५ रुपये ६५ पैसे आणि डिझेलची सुमारे ५६ रुपये ४० पैसे. म्हणजे भारतातही डिझेल मुळात महागच होतं. केंद्राने पेट्रोलवर १९ रुपये ९० पैसे आणि डिझेलवर १५ रुपये ८० पैसे उत्पादन शुल्क लावलं, राज्याने पेट्रोलवर जास्त दराने व्हॅट लावला, आणि टाकीत पडेपर्यंत डिझेल स्वस्त झालं. हा व्हॅट उत्पादन शुल्क धरून होणाऱ्या रकमेवर बसतो, त्यामुळे केंद्राचा कर वाढला की राज्याचाही आपोआप वाढतो. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर असल्याने हे चालू आहे.

ब्रिटनचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तिथे दोन्ही इंधनांवर लिटरमागे सारखंच शुल्क आहे. मार्च २०२२ मध्ये ते ५२.९५ पेन्सवर आलं. कराचा पडदा दोन्हीकडे सारखाच टांगला, तर मागे काय दिसतं? ब्रिटनमध्ये डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असतं.

एका रात्रीत उलटलेली पाटी

कर हा सरकारने ठरवलेला आकडा. तो बदलायला नवा कारखाना लागत नाही, एक अधिसूचना पुरते. मे २०२० मध्ये, कच्चं तेल कोसळलेलं असताना, केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. त्याच सुमाराला दिल्ली सरकारने डिझेलवरचा व्हॅट १६.७५ टक्क्यांवरून थेट ३० टक्क्यांवर नेला. २४ जून २०२० रोजी दिल्लीत पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे आणि डिझेल ७९ रुपये ८८ पैसे झालं. डिझेल पेट्रोलच्या पुढे गेल्याची दिल्लीतली ही पहिलीच वेळ. जुलैअखेर व्हॅट पुन्हा जुन्या दरावर आला आणि डिझेल एका फटक्यात ८२ रुपयांवरून ७३ रुपये ६४ पैशांवर उतरलं.

त्याआधीचा काळ आठवा. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होतं आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. ३२ रुपयांची दरी. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये मोकळे झाले होते, डिझेलचे मात्र सरकार धरून बसलं होतं. लोक डिझेल गाड्यांच्या मागे धावले. मग जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला ५० पैशांच्या आसपास वाढत गेलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं आणि जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला दोन्हींचे भाव बदलण्याची पद्धत आली. ज्यांनी २०१२ च्या दरीवर विसंबून डिझेल गाडी घेतली, त्यांचं गणित पाच वर्षांत पार बदलून गेलं.

दोन जवळपास सारख्या इंधनांत कृत्रिम दरी फार वाढली, की तिचा फायदा उठवणारेही उभे राहतात. रेशनचं रॉकेल निळं असतं, ते ओळखू यावं म्हणूनच. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा महाराष्ट्राने पाहिला आहे, आणि २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ त्या धंद्याला आळा घालायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं, हेही पाहिलं आहे. अमेरिकेत हा रंग लाल. शेतीच्या यंत्रांसाठी आणि घर तापवण्यासाठी मिळणारं करमुक्त डिझेल लाल रंगवलेलं असतं. ते रस्त्यावरच्या गाडीत सापडलं, तर किमान १,००० डॉलर दंड. स्वस्त मिळतं म्हणून ते कुणी आपल्या पिकअपमध्ये भरू नये.

जिल्हा आणि सीमा

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा वेगळा दर गेला आणि डिझेलवर २१ टक्के, तर पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट अधिक लिटरमागे पाच रुपयांहून थोडा जास्त अधिभार, असा हिशेब झाला. तरीही जिल्ह्याजिल्ह्यांत भाव वेगळे दिसतात, ते वाहतुकीमुळे. परभणीचं नाव महागड्या पेट्रोलसाठी वारंवार बातम्यांत येतं. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर तिथवर यायचा, तर त्याचं भाडं लिटरवर बसणारच.

सीमेवरची माणसं दोन राज्यांतल्या भावांच्या फरकाचा उपयोग जुन्या काळापासून करतात. गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने एप्रिल २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला आणि पेट्रोल लिटरला सुमारे ११ रुपयांनी उतरलं, तेव्हा सिंधुदुर्गातल्या गाड्यांचं पात्रादेवीकडे वळणं ठरलेलंच होतं. कागलपुढे कर्नाटकातल्या निपाणीला टाकी फुल करणारे ट्रकवाले हेही रोजचंच दृश्य होतं. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी दोन्ही राज्यांचे त्या दिवशीचे भाव तेल कंपन्यांच्या ॲपवर पाहून घ्यावेत. चाळीस लिटरच्या टाकीत तीन रुपयांचा फरक म्हणजे १२० रुपये; त्यासाठी मुद्दाम तीस किलोमीटर वाकडी वाट करणाऱ्याचे तेवढे पैसे वाटेतच जळतात.

कोकणातल्या मच्छीमारांचं गणित आणखी वेगळं. यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळण्याची योजना आहे, पण तो आधी पूर्ण भाव मोजल्यावर. म्हणून सोसायटीतून घेतलेल्या डिझेलची प्रत्येक पावती, नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवाना एकाच पिशवीत ठेवलेला बरा.

गाडी घेण्याआधी कागदावर

आता मुख्य प्रश्न. पेट्रोल घ्यावी की डिझेल? शोरूममध्ये जाण्याआधी चार आकडे कागदावर लिहावेत: दोन्ही मॉडेलांच्या ऑन-रोड किमतींतला फरक, दोन्हींचं रस्त्यावर मिळणारं ॲव्हरेज, दोन्ही इंधनांचा भाव आणि आपलं महिन्याचं फिरणं.

समजा, डिझेल मॉडेल दीड लाखाने महाग आहे. पेट्रोल गाडी लिटरला १४ किलोमीटर देते, डिझेल १८. मुंबईत २०२५ मध्ये पेट्रोल साधारण १०३ रुपये ५० पैसे आणि डिझेल ९० रुपये होतं. पेट्रोलचा किलोमीटरला खर्च ७ रुपये ३९ पैसे, डिझेलचा ५ रुपये. वाचतात २ रुपये ३९ पैसे. दीड लाख वसूल व्हायला सुमारे ६३,००० किलोमीटर लागतील. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे अडीच-तीन वर्षांत सुटतील. घर ते ऑफिस आणि रविवारी सिंहगड, असं आठशे किलोमीटरचं फिरणं असेल तर साडेसहा वर्षं लागतील, आणि तोवर डिझेल गाडीचं सर्व्हिसिंगही थोडं महाग पडलेलं असेल.

हिशेब इथे संपत नाही. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जळून जायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज तीन किलोमीटर जाऊन मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत हा फिल्टर तुंबतो. त्याचा दिवा लागला, तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या वेगाने हायवेवर चक्कर मारावी. दिवा तसाच ठेवून चालवत राहिल्यास बिल मोठं येतं. काही डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावणही वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपलं तर गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर आलेले निर्बंध पाहता, तिकडे बदली होण्याची शक्यता असलेल्यांनी तेही धरावं.

पेट्रोलच्या बाजूलाही एक बारकावा आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. जुन्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज आठवून नव्या गाडीचा हिशेब मांडू नये.

अमेरिकेत पिकअप घेणाऱ्याला सूत्र तेच. समजा गॅसोलीन ३ डॉलर २० सेंट आणि डिझेल ३ डॉलर ८० सेंट आहे, म्हणजे डिझेल सुमारे १९ टक्क्यांनी महाग. डिझेल गाडी मैलांमध्ये २५ टक्के जास्त देत असेल, तर पाटीवर महाग असूनही ती धावताना स्वस्त पडते.

परदेशात नळ हातात घेताना

युरोपात गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांची सर्वांत मोठी चूक भाषेमुळे होते. स्पेनमधला 'गासोलेओ', इटलीतला 'गासोलिओ' आणि फ्रान्समधला 'गाझोल' हे तिन्ही शब्द गॅसोलीनसारखे ऐकू येतात आणि तिघांचाही अर्थ डिझेल. पेट्रोलला स्पेनमध्ये 'गासोलिना', इटलीत 'बेंझिना', फ्रान्समध्ये 'एसांस' म्हणतात. नळाच्या रंगावर विसंबू नये: अमेरिकेत हिरवा नळ बहुधा डिझेलचा, तर युरोपात हिरवा पेट्रोलचा आणि काळा डिझेलचा. युरोपीय संघातल्या पंपांवर २०१८ पासून खात्रीची खूण आहे. पेट्रोलच्या चिठ्ठीवर वर्तुळ, डिझेलच्या चिठ्ठीवर चौकोन, आणि तीच खूण नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणावर.

डिझेलचा जाड नळ आजच्या पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा शिरत नाही. उलट मात्र सहज घडतं: पेट्रोलचा बारीक नळ डिझेल गाडीत आरामात बसतो. तसं झालं तर इग्निशन फिरवायचंही नाही. डिझेलचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं आणि धातूला धातू घासतो. गाडी ढकलून बाजूला घ्यावी, टाकी उपसून घ्यावी आणि मगच सुरू करावी. दोन मिनिटांची लाज आणि टोइंगचं बिल एवढ्यावर निभावतं.

थंड मुलखात डिझेलचा आणखी एक स्वभाव कळतो. त्यातलं मेण गोठून फिल्टर बंद होतो. म्हणून मिनेसोटासारख्या राज्यांत थंडीत वेगळं, पातळ मिश्रण विकलं जातं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. थंडीत तिकडे जाणाऱ्यांनी पुण्या-मुंबईची टाकी तशीच वर नेऊ नये. वाटेत ती संपवून तिथलं डिझेल भरावं.

आपला आकडा आपण काढावा

या सगळ्या हिशेबात एक आकडा कंपनीच्या जाहिरातीतून घेऊ नये, तो म्हणजे ॲव्हरेज. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेत गाडीची चाचणी होते ती ठरावीक परिस्थितीत, रोलरवर. चांदणी चौकातली संध्याकाळ त्यात नसते.

पद्धत सोपी आहे. टाकी फुल करावी, मीटरचा आकडा पावतीवर लिहावा. नेहमीसारखी गाडी चालवावी. पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळाला टाकी फुल करावी. भरण्याआधी मशीनवर शून्य आहे का ते पाहावं. पहिला आकडा २४,३१०, दुसरा २४,८३५, आणि टाकीत गेले ३७.५ लिटर, तर ५२५ भागिले ३७.५, म्हणजे १४. त्या दिवशीच्या भावाला १४ ने भागलं की किलोमीटरचा खर्च निघतो. असं तीन टाक्यांचं करून सरासरी काढावी, म्हणजे एखाद्या लांबच्या सहलीने किंवा गणपतीतल्या ट्रॅफिकने आकडा बिघडणार नाही. शेजाऱ्याकडे त्याच मॉडेलची डिझेल गाडी असेल तर त्यालाही हेच करायला सांगावं. दोन पावत्या शेजारी ठेवल्या, की शोरूममधल्या माणसाला विचारायचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.